दोन क्रेडिटचं पुण्य

सद्गुण शिकवता येतो का, असं मेनोनं सॉक्रेटिसाला विचारल्याचं प्लेटोनं लिहून ठेवलं आहे. सॉक्रेटिसानं नेहमीप्रमाणे सरळ उत्तर न देता उलट त्यालाच प्रश्न विचारून हैराण केलं. तेव्हापासून तेवीस-चोवीसशे वर्षं प्रश्न तसाच पडून होता. आमच्या बँकेत सस्पेन्स अकाउंटलासुद्धा एखादी एन्ट्री इतकी राहत नाही. अखेर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आलं आणि पदवीच्या अभ्यासक्रमात मूल्यशिक्षणाला क्रेडिट मिळालं. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास. दोन क्रेडिटचा पेपर, म्हणजे तीस तासांत सद्गुण! आमच्या वेळी बी.कॉम.ला फाउंडेशन कोर्स असे. जगातल्या यच्चयावत वाईट गोष्टींना आमचा लेखी विरोध होता. तोंडी कोणी विचारला नाही.

माझा भाचा डोंबिवलीहून ठाण्याच्या एका कॉलेजात जातो. त्याच्या बाई हौशी. नुसतं पाठांतर नको, आचरण हवं, म्हणून त्यांनी आठवड्याला एक सद्गुण नेमून दिला. शिवाय रोज दहा मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसायचं आणि रात्री डायरी लिहायची.

कल्पना वाईट नाही. वीणा वाजवून वाजवूनच माणूस वादक होतो, तसा न्यायानं वागून वागूनच न्यायी होतो, असं ॲरिस्टॉटलचं म्हणणं. (तरुणांपुढे नीतीची व्याख्यानं देण्यात अर्थ नाही, हेही त्याचंच म्हणणं, पण ते बाईंना कळवण्यात अर्थ नाही.) अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं तर तेरा सद्गुणांची वहीच घातली होती. आठवड्याला एक, वर्षात चार फेऱ्या, चुकलं की काळा ठिपका. तेरा चोक बावन्न! हिशेब बघून मला तो आमच्या खात्याचाच माणूस वाटला. तेरावा सद्गुण नम्रता. ती साधलीच, तर आपल्याला तिचाही गर्व होईल, हे त्यानं स्वतःच कबूल केलंय.

खरी अडचण स्वस्थ बसण्याची. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत कुकर, मालिका आणि समोरच्या रीडेव्हलपमेंटचं ड्रिल यांतून दहा मिनिटं शोधायची कुठून? शिवाय पतंजलीनं ध्यान सातव्या पायरीवर ठेवलंय. सत्य, अहिंसा, अस्तेय वगैरे यम पहिल्या. आमची मुलं फास्ट लोकलसारखी मधली स्टेशनं गाळून थेट सातव्यावर.

पहिला आठवडा सत्याचा होता. भाच्यानं लिहिलं, ‘आज बसलो नाही. कंटाळा आला.’ दुसऱ्या दिवशी, ‘बसलो, पण डोक्यात वडापाव होता.’ मिळाले दहापैकी पाच. त्याच्या मित्रानं वरच्या वर्गातल्या कुणाची तरी डायरी झेरॉक्स करून आणली आणि जशीच्या तशी उतरवली. त्याचं मन सोमवारीच शांत झालं आणि रविवारपर्यंत शांतच राहिलं. दहापैकी नऊ.

"मामा, पुढच्या आठवड्यात खरं लिहू, की मार्क घेऊ?"

"मार्क घे!" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "खरं काय, नंतरही लिहिता येईल."

मला हा प्रश्न हसण्यावारी नेता येईना. मार्कांसाठी सद्गुण, यात मला काही वावगं दिसत नाही. लहानपणी आपण हात जोडले ते प्रसादासाठीच. प्रसाद विसरला गेला तरी हात जोडलेले राहतात, एवढीच सवयीकडून अपेक्षा. पण इथे मार्क बसण्याला नव्हतेच. ‘शांत झालो’ या वाक्याला होते. म्हणजे मुलाला सवय लागायची ती वाक्याची. आमच्याकडे एखाद्या शाखेत वर्षभर एका पैशाचाही फरक दिसला नाही, तर इन्स्पेक्टर आधी तिथेच खुर्ची टाकून बसतो. म्हणून मी म्हटलं, "खरंच लिही. पाच म्हणजे पास." ताई दोन दिवस बोलली नाही.

तसं बघितलं तर न शिकवता आलेला सद्गुण आमच्या लोकलमध्ये रोज दिसतो. बाक तिघांचा, कुणी नुसतं "जरा सरका" म्हटलं, की तिघं सरकतात आणि चौथा टेकतो. कल्याणहून बसून आलेला अर्ध्या वाटेत उठून उभ्या असलेल्याला जागा देतो. ना क्रेडिट, ना डायरी. मला वाटे, ॲरिस्टॉटल म्हणतो ती सवय हीच. पण दिवा आलं, की हेच सज्जन दार अडवून उभे राहतात आणि बाहेरच्याला म्हणतात, "मागून गाडी रिकामी येतेय." सत्य, संयम, करुणा, तिन्ही एका वाक्यात निकालात. सरावानं आलेली माणुसकी सराव केलेल्या डब्यापुरतीच असते की काय? याला ॲरिस्टॉटलकडे काय उत्तर आहे, ते बाईंना विचारून ये, म्हणून मी भाच्याला पिटाळलं.

तो विचारून आला. बाई बराच वेळ गप्प होत्या म्हणे. त्या रोज दिव्यालाच चढतात.