चंद्राचे एकच मुख

पेडणे तालुक्यातील हळर्णच्या जुन्या किल्ल्याजवळून वाहणारी शापोरा नदी मोरजीजवळ सागराला मिळते. तेथे दिवसातून दोनदा भरती येते, ती मुख्यत्वे चंद्राच्या ओढीने. पण पृथ्वीची ओढ चंद्रावर त्याहून कितीतरी प्रबळ! तिने त्याच्या खडकालाच फुगवटा आणला. आरंभी चंद्र वेगाने फिरे. फुगवटा पुढे सरे, पृथ्वी त्याला मागे ओढी, आणि या घर्षणात त्याची गती झिजत गेली. आता स्वतःभोवतीची एक फेरी व पृथ्वीभोवतीची एक फेरी, दोन्ही त्याला सुमारे 27.3 दिवसच लागतात. गुरूच्या मोठ्या चंद्रांचेही असेच आहे.

आठव्या स्तोत्राच्या कर्त्याने पाहिले ते हेच मुख. पाठमोरी बाजू मानवाला 1959 साली रशियन यानाच्या छायाचित्रांत प्रथम दिसली. तिला अंधारी म्हणतात, ते चूक. देवाचा सूर्य तिच्यावरही पंधरवडाभर प्रकाशतो. आपल्या दृष्टीआड असलेल्यांना आपणही किती सहज अंधारातले ठरवतो!

चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही, असे शब्बाथशाळेत मुलांना सांगू नये. मध्ये खुर्ची ठेवावी व एका मुलाला तिच्याकडे तोंड ठेवून तिच्याभोवती चालवावे. खुर्चीला त्याची पाठ दिसत नाही, पण त्याचे तोंड चारही भिंतींकडे वळून येते.