छर्रा न घालता घोडा ओढलास!

खाली ठेव ती. आधी खाली ठेव, नळी भिंतीकडे कर आणि मग बोल.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या काय केलंस? पिशवीतून बंदूक काढलीस, नळी मोडून स्प्रिंग ताणलीस आणि छर्रा न घालताच "सर, आवाज ऐका" म्हणत घोडा ओढलास. हा आवाज ऐकवायचा असतो का रे? छर्रा असला की दाबलेली हवा त्याच्यामागे क्षणभर अडते आणि दट्ट्या त्या हवेच्या गादीवर टेकतो. छर्रा नसला की तोच दट्ट्या नळकांड्याच्या तोंडावर जाऊन आदळतो. वॉशर फाटतो, स्प्रिंग तडकते. ज्या काकांनी ती इतकी वर्षं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून जपली, त्यांच्या हातून हे एकदाही झालं नसेल. तू विसार देऊन तासही झाला नाही तोच केलंस.

"स्वस्तात मिळाली" हे दोनदा सांगितलंस. घेण्याआधी किती छर्रे झाडून पाहिलेस? एकही नाही. नळी मिटवून बाजूला हलवून पाहिलीस का, बिजागरीत खेळ आहे का ते? दस्त्याला पुढच्या स्क्रूंपाशी तडा आहे का? नळी सरळ आहे का? कुणी उघड्या नळीवर घोडा ओढला की नळी झटक्यात मिटते आणि कायमची वाकते. मध्ये बोट असलं तर तेही जातं. म्हणून छर्रा बसवताना ताणलेली नळी दुसऱ्या हाताने धरून ठेवायची असते. तू धरली नव्हतीस. मी पाहत होतो.

आता इकडे ये आणि नीट बघ. डायना 35, जर्मनीतल्या रास्टाट गावची. हिचं उत्पादन 1980च्या दशकातच थांबलं. पोलादाचा निळसर रंग फक्त नळी मोडताना तळवा पडतो तिथेच फिका झालाय, बाकी गंजाचा ठिपका नाही. नळी मोडून मागून उजेडाकडे धर. आतल्या पिळाच्या रेषा तोंडापर्यंत स्वच्छ दिसतात. माशी सरळ आहे. सांध्यातलं चामडं अजून मऊ आहे, म्हणजे त्यांनी वेळच्या वेळी थेंबभर तेल दिलंय, ओतलेलं नाही. नळकांड्यात तेल जास्त झालं की हवेच्या दाबाने पेट घेतं, धूर येतो, स्फोटासारखा आवाज होतो आणि पोरं त्याला ताकद समजतात. बंदूक उत्तम आहे, यात वाद नाही. माझा राग बंदुकीवर नाही.

राग त्या दुसऱ्या वाक्यावर आहे. "परवाना लागत नाही, सर. मित्र म्हणतोय वडाळे तळ्यावर जाऊ, बगळे येतात." 4.5 मिलिमीटरची नळी आणि 20 ज्यूलच्या आतली शक्ती असेल तर परवाना लागत नाही, इतकंच तू वाचलंस. बगळ्यावर छर्रा झाडणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे वाचलं नाहीस. आणि कायदा नसता तरी? तू कर्नाळ्याच्या सावलीत वाढलास. 1968 पासून ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे. आठवीत सहलीला नेलं होतं तेव्हा झाडाखाली सगळ्यांत जास्त वेळ मान वर करून तूच उभा होतास. तोच मुलगा आज माझ्यासमोर हे बोलतो?

नेम धरायचाच आहे तर तुझ्याच गावात बघ. नवीन पनवेलला सुमा शिरूर मुलांना नेमबाजी शिकवतात. 2004 साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी एअर रायफलमध्ये चारशेपैकी चारशे गुण घेतले, त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. दहा मीटरवरून चाळीस छर्रे आणि चाळीसही दहात. त्या दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एवढ्या ठिपक्यासाठी माणूस वर्षानुवर्षं श्वास आवरायला शिकतो, आणि तुला तळ्यावरचा बगळा हवा.

स्प्रिंगची बंदूक तर त्याहून अवघड. घोडा सुटला की ती आधी मागे आणि मग पुढे झटका देते, छर्रा नळीत असतानाच. घट्ट आवळलीस की नेम गेला. तळव्यावर सैल ठेवायची, दर वेळी त्याच जागी. हे दोन दिवसांत जमत नाही, आणि तोंडाने बढाया मारून तर मुळीच नाही.

आज दिवेलागणीच्या आत ती काकांकडे परत ने. विसार मागू नकोस. छर्रा न घालता घोडा ओढला, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांग. रविवारी सकाळी सातला मी तुझ्याबरोबर तिथे येईन. वाळूची पेटी मागे ठेवून दहा मीटरवरून कागदावर पाच छर्रे झाडू. पाचही जवळ पडले आणि काका अजून द्यायला तयार असले, तर उरलेले पैसे दे आणि त्यांच्या सहीची चिठ्ठी घे. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही. तुझ्या त्या मित्राला बरोबर आणू नकोस.