अपूर्णांक : कशाचा, ते आधी ठरवा

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, असे विचारले की पाचवीतली कितीतरी मुले दोन पंचमांश असे उत्तर लिहितात. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. त्यावर फुली पडते, लसावि काढायला सांगितले जाते आणि वर्ग पुढे सरकतो. उत्तर चुकीचेच आहे. अर्ध्यात भर घातल्यावर बेरीज अर्ध्याहून कमी कशी येईल? पण हेच उत्तर एका वेगळ्या प्रश्नाला अगदी बरोबर बसते. संघाने आधी दोनपैकी एक सामना जिंकला, नंतर तीनपैकी एक, म्हणजे एकूण पाचपैकी दोन. मैदानावर हा हिशेब चोख करणारे मूल फळ्यावरही तोच करते. सामन्यांच्या हिशेबात ‘पूर्ण’ बदलत जाते : दोन, तीन, मग पाच. बेरजेत मात्र दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे असावे लागतात. हा भेद त्या मुलाला कुणी दाखवलेलाच नसतो.

अपूर्णांक, गुणोत्तर आणि शेकडेवारी हे आपण तीन वेगळे धडे म्हणून शिकवतो. तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : कशाचा? तो प्रश्न पहिल्या दिवसापासून वर्गात विचारला गेला नाही, तर पुढचे सगळे नियम पोकळीत लटकतात.

आपली सुरुवात बहुधा वर्तुळाने होते. चार भाग, त्यांतले तीन रंगवलेले. मूल रंगवलेले मोजते, एकूण मोजते आणि तीन छेद चार लिहिते. यात त्याने दोनदा मोजले, एवढेच. तीन चतुर्थांश ही एक संख्या आहे, हे त्याला उमगलेच असे नाही. म्हणून आठ चारपेक्षा मोठे, तर एक अष्टमांशही एक चतुर्थांशापेक्षा मोठा, असे ते खुशाल सांगते. आणि पाच चतुर्थांश आले की अडते, कारण चारपैकी पाच भाग रंगवणार कसे? ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९७८च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांच्या बेरजेचा नुसता अंदाज विचारला होता. दोन्ही संख्या जवळजवळ एक, म्हणजे बेरीज जवळजवळ दोन. हे उत्तर जेमतेम चौथा हिस्सा मुलांना निवडता आले. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे अंशांची किंवा छेदांची बेरीज.

त्याऐवजी वाटणीपासून सुरुवात करून पाहावी. तीन भाकरी चार मुलांत सारख्या वाटायच्या आहेत. काही मुले प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करतात आणि प्रत्येकाला तीन-तीन देतात. काही आधी दोन भाकरींचे अर्धे करतात, प्रत्येकाला अर्धी देतात आणि तिसरीचे चार तुकडे करतात : अर्धी आणि पाव. वाटा तोच, पाऊण भाकरी. बेरजेचा नियम न सांगता अर्धा अधिक पाव मुलांच्या हातून घडून गेले. मग विचारावे, दोन भाकरी तिघांत वाटल्या तर कुणाला जास्त मिळेल? इथे वर्ग खरा जागा होतो. तिघांच्या गटात प्रत्येकाला पूर्ण भाकरीला एक तृतीयांश कमी पडते, चौघांच्या गटात एक चतुर्थांशच; म्हणजे चौघांच्या गटातल्याला जास्त. समच्छेद न करता तुलना झाली, आणि ‘इतक्या भाकरी, इतकी मुले’ या रूपाने गुणोत्तरही आले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी वाटणी आणि मापन या दोन अंगांनी अपूर्णांक शिकवण्यावर काम केले आहे. मापन हवेच, कारण पट्टीने लांबी मोजताना एकच्या पुढे जाणे स्वाभाविक असते. तिथे पाच चतुर्थांशाला कुणी अडत नाही.

आपल्याकडे याला जुना आधार होता. रुपयाचे सोळा आणे होते, शेराचे सोळा छटाक होते, तेव्हा मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करत. १९५७मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे रुळली आणि हे पाढे मागे पडले. ते पुन्हा घोकून घ्यावेत असे मी म्हणणार नाही. घोकल्याने समज येते असे नाही. पण त्या पाढ्यांत सव्वा आणि दीड या सरळ संख्या होत्या, दोन आकड्यांची उतरंड नव्हती. आजचे मूलही पाव किलो, दीड तास, साडेतीन वाजले हे ऐकतच शाळेत येते. ते ज्ञान दाराबाहेर ठेवून कोऱ्या पाटीवर ‘तीन छेद चार’ लिहायचे, हा निव्वळ तोटा आहे.

शेकडेवारीत तर ‘कशाचा’ हे विसरलो की हिशेबच फसतो. शंभरच्या वस्तूची किंमत वीस टक्के वाढवली आणि मग वीस टक्के सूट दिली, तर ती ९६ रुपयांना पडते, कारण दुसरे वीस टक्के एकशेवीसचे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या बातम्या पाहा. साठा कधी ‘उणे’ टक्के, कधी १११ टक्के. रिकाम्या धरणाहून कमी पाणी कसे, आणि भरलेल्याहून जास्त कसे? ही टक्केवारी सुमारे ५३ टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठ्याची असते. त्याखाली सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. शून्य टक्क्यालाही धरणात भरपूर पाणी असते, आणि उपयुक्त साठा त्या ५३च्या वर गेला की टक्के शंभरापुढे जातात. तिथल्या सहावीच्या वर्गाला शतमान शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही.

एवढा वेळ कुठून आणायचा, असे शिक्षक विचारतात, आणि पट मोठा, अभ्यासक्रम भरगच्च असताना तो प्रश्न रास्त आहे. पण न समजता शिकवलेला नियम सहावीत, सातवीत, आठवीत पुन्हा शिकवावाच लागतो; तो वेळही आपलाच जातो. म्हणून चौथी-पाचवीत आकडेमोडीची उदाहरणे निम्मी करावीत आणि वाचलेल्या तासांत मुलांना वाटू द्यावे, मोजू द्यावे, भांडू द्यावे. परीक्षेतही उत्तराइतकेच गुण ‘हे कशावरून?’ याला ठेवावेत. परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते. बदलाला सुरुवात तिथूनच करावी लागेल.