एकच गाऱ्हाणें, दोन उत्तरें

शास्त्रपाठ : योहान ११:१७–३५, १२:१–३



लाजाराला कबरेंत ठेवून चार दिवस झाले होते. प्रभु येशू गांवाजवळ आला असें कळतांच मार्था त्याला सामोरी गेली; मरीया घरांतच बसून राहिली. पुढें दोघींनीं त्याच्यापाशीं एकच गाऱ्हाणें मांडलें, कीं तो वेळेवर येथें असता तर भाऊ वांचला असता. शब्द तेच, दुःख तेंच. परंतु उत्तर निरनिराळें. मार्थेशीं प्रभु बोलला. पुनरुत्थान व जीवन तोच आहे हें सत्य त्यानें तिला सांगितलें, आणि तिनें आपला विश्वास पदरीं शब्दांनीं प्रकट केला. मरीया त्याच्या पायां पडून रडूं लागली तेव्हां त्यानें तिला उपदेश केला नाहीं. तो स्वतः रडला. मार्थेला शब्द हवा होता, मरीयेला अश्रू. ज्याला जें हवें तें प्रभु ओळखतो.

आपल्या महाराष्ट्रांतही त्यानें असेंच केलें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा १९०० सालीं. एकाच संसारांतील दोन जीव, पण मध्यें पांच वर्षांचें अंतर! टिळक कवि, त्यांच्या भक्तीला भजन व कीर्तन हीच वाट मिळाली. लक्ष्मीबाईंचा झगडा घरांतला होता : कोणाच्या हातचें पाणी प्यावें, कोणाच्या पंक्तीस बसावें. बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं बेळगांवास बाप्तिस्मा घेतला. त्यांची सेवा लेखणीची. पंडिता रमाबाई यांच्या केडगांवच्या मुक्ति मिशनांत १९०५ सालीं संजीवन झालें, तेव्हां मुली मोठ्यानें रडून प्रार्थना करीत. आणि त्याच रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून शास्त्राचें भाषांतर करण्यांत वर्षानुवर्षें घालविलीं. ह्यांपैकीं कोणाची भक्ति खरी व कोणाची खोटी म्हणावी?

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील आपल्या मंडळ्या लहान आहेत, म्हणून हा प्रश्न आपणांस अधिक जवळचा. एकाला टाळमृदंगावांचून उपासना कोरडी वाटते. दुसरा त्यालाच गलबला म्हणतो. ज्याचे डोळे भरून येतात तो भाविक, आणि जो गप्प बसतो तो थंड, असा आपण झटकन् निवाडा करतों.

आमच्या हातूनही ही चूक घडली आहे. एक वृद्ध शेतकरी बंधु नेहमीं दाराजवळ बसत. ते गात नसत, साक्ष देत नसत. एका रविवारीं सर्वांसमक्ष आम्ही त्यांना म्हणालों, “बाबा, तुमच्या मुखांतून प्रभूचें नांव कधीं ऐकूं येणार?” त्यांनीं मान खालीं घातली. पुढल्या रविवारीं ते आले नाहींत. त्या दिवशीं चटया अंथरलेल्या नव्हत्या व पाण्याचा माठ कोरडा होता. इतकीं वर्षें तें काम कोण करीत होतें हें आम्हां कोणासच ठाऊक नव्हतें. आम्ही त्यांच्या वस्तीवर जाऊन क्षमा मागितली. ते एवढेंच म्हणाले, “मला बोलतां येत नाहीं, पाळकसाहेब, पाणी भरतां येतें.”

खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिली आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, सुमारें २५ किलोमीटरच्या पट्ट्यांत पसरल्या आहेत. सर्व एकाच ताऱ्याकडे तोंड करतात. पण जागा निराळी असल्यामुळें तोच संदेश प्रत्येकीला किंचित् निराळ्या क्षणीं पोंचतो. हे सर्व संदेश एकत्र जुळविले म्हणजे एका तबकडीला कधीं दिसलें नसतें इतकें बारीक चित्र उमटतें. सर्व तबकड्या एकाच ठिकाणीं रचल्या असत्या तर ही सूक्ष्म दृष्टि मिळाली नसती. मंडळीचेंही असेंच आहे. मात्र तोंड एकाच प्रभूकडे पाहिजे.

तथापि स्वभाव हें पापाचें पांघरूण नव्हे. तापट मनुष्यानें आपल्या रागाला आवेश म्हणूं नये. आळशी मनुष्यानें आपल्या आळसाला मौन म्हणूं नये. मार्था सेवा करतां करतां बहिणीविषयीं कुरकुरूं लागली तेव्हां प्रभूनें तिलाही समजाविलें. पण पुढें योहानाच्या बाराव्या अध्यायांत पाहावें, तों मार्था पुन्हा वाढीत आहे व मरीया पुन्हा प्रभूच्या पायांशीं आहे. प्रभु स्वभाव शुद्ध करतो, पुसून टाकीत नाहीं.

म्हणून उपदेशक बंधूंनो, उपासनेंत भजनाला वेळ द्या, आणि दोन क्षण शांततेलाही द्या. लाजणाऱ्यास साक्षीकरितां बळेंच उभें करूं नका. गाणाऱ्यास हिणवूं नका. आणि येत्या रविवारीं जो दाराजवळ बसतो त्याच्याजवळ क्षणभर जाऊन बसा. मार्थेशीं बोलणारा व मरीयेबरोबर रडणारा प्रभु आपणां सर्वांस एकमेकांना ओळखण्याची कृपा देवो. आमेन.