संशयाचा फायदा कोणाला?

१९८५ साली एक तरुण भारतीय सेनेत भरती झाला. भरतीच्या तपासणीत तो निरोगी ठरला होता. सुमारे ९ वर्षांच्या सेवेनंतर, १९९४ साली, अपस्माराच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व नोंदवून त्याला घरी पाठवण्यात आले. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मात्र नाकारले गेले. वैद्यकीय मंडळाचे म्हणणे असे की, आजार त्याच्या प्रकृतीतच होता, सेवेशी त्याचा संबंध नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २ जुलै २०१३ रोजी निकाल जवानाच्या बाजूने लागला.

या निकालाचा आधार १९८२ चे नियम होते. त्यांनुसार भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे प्रकृती बिघडली ती सेवेमुळेच असे सामान्यतः मानायचे होते. सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नव्हता. वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा त्याला द्यायचा होता. मंडळाला वेगळे मत देता येत होते, पण त्याची कारणे लिहावी लागत होती. या प्रकरणात मंडळाने ती लिहिलीच नव्हती.

आता थोडे अंतर्मुख होऊन पाहू. ‘आजार त्याच्यातच होता’ हे वाक्य आपणही बोलतो, फक्त शब्द वेगळे असतात. वर्षानुवर्षे आपल्या घरची धुणीभांडी करून एखाद्या बाईंचे गुडघे निकामी होतात आणि आपण म्हणतो, ‘भोग असतात एकेकाचे!’ दुःखाचे कारण दुःखिताच्या आत ढकलले की आपले ऋण फिटल्यासारखे वाटते.

कर्मसिद्धांत यासाठी नाही. स्वतःच्या दुःखाकडे पाहताना तो धैर्य देतो. दुसऱ्याच्या दुःखासमोर उभे असताना मात्र प्रश्न एकच असतो : येथे माझे कर्तव्य काय? समोरच्याचे पूर्वकर्म आपल्याला दिसत नाही, त्याने आपल्यासाठी झिजवलेली वर्षे दिसतात.

कोणी म्हणेल, खोटे दावेही येतात आणि तिजोरी तर सर्वांची आहे. खरे आहे, म्हणूनच तपासणी हवी. पण दोन्ही चुकांचे वजन सारखे नसते. खोटा दावा मंजूर झाला तर पैसा जातो आणि तो कदाचित परत मिळवता येतो. खरा दावा नाकारला तर माणसाच्या आयुष्यातील वर्षे जातात. या जवानाची १९ वर्षे गेली. ती कोणताही निकाल परत देऊ शकत नाही. म्हणून संशय उरलाच, तर त्याचा भार ज्याला तो पेलतो त्याने उचलावा. करुणा आणि न्याय येथे एकच होतात.

यातून एक छोटी साधना घेता येईल. आपल्यासाठी राबलेल्या कोणालाही ‘नाही’ म्हणण्यापूर्वी त्याचे कारण कागदावर लिहावे आणि ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचता येईल का, हे स्वतःला विचारावे. वाचताना जीभ अडखळली, तर तो ‘नाही’ विवेकातून आलेला नाही, असे समजावे.