आश्कनाज कोण?

हिब्रूतलं ‘वाव’ हे अक्षर म्हणजे जवळजवळ एक उभी रेघ. तिला तळाशी छोटा पाय फुटला की ‘नून’ होतं. पोथी उतरवणाऱ्याची नजर इथे सहज चुकते. बायबलमधल्या आश्कनाज लोकांची ओळख कित्येक अभ्यासक याच पायाशी शोधतात. तो पुसला की ‘आश्कूज’ उरतं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातल्या असिरियन लेखांत अश्गुझा नावाचे लढवय्ये भेटतात. ग्रीकांचे स्किथियन ते हेच, आपल्याकडे आलेल्या शकांचे भाऊबंद.

बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथात बाबेलवर चालून जायला अरारात, मिन्नी आणि आश्कनाज यांना एकत्र हाक दिली आहे. अरारात म्हणजे उरार्तू, मिन्नी म्हणजे उर्मिया सरोवराकडचे मन्नाई. असिरियन लेखांतही अश्गुझा मन्नाईंच्याच बाजूने लढतात. मला अक्षराच्या पायापेक्षा हा शेजार जास्त पटतो.

मग हिब्रूत आश्कनाज म्हणजे जर्मनी, हे कसं झालं? मध्ययुगातल्या ज्यू पंडितांनी बायबलच्या उत्पत्ती ग्रंथातल्या १० व्या अध्यायाच्या वंशावळीतली नावं आपल्या ओळखीच्या युरोपवर बसवली. त्यात ऱ्हाइनकाठ आश्कनाज झाला. अकराव्या शतकात ऱ्हाइनकाठच्या माइन्त्स आणि वर्म्सला शिकलेला राशी नावाचा ज्यू पंडित जर्मन शब्दांना आश्कनाजच्या भाषेतले म्हणतो.

नावाचं असं सरकणं आपल्याला नवं नाही. त्याच अध्यायात आश्कनाजचा काका यावान आहे, म्हणजे आयोनियाचे ग्रीक. आपला ‘यवन’ त्याच मुळातला. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत, आणि बखरींत यवन म्हणजे मुसलमान.

म्हणून ऱ्हाइनकाठच्या आश्कनाजला नुसती भूगोलातली चूक म्हणायला माझं मन धजत नाही. त्या स्किथियन घोडेस्वारांना हिब्रूतल्या या नावाचा पत्ताही नसेल. ऱ्हाइनकाठच्या माणसांनी मात्र ते अंगावर वागवलं. त्या नावाने प्रार्थनेची रीत घडली, यिडिश बोलणारे पोलंडपर्यंत गेले. वर्म्सचं सिनेगॉग १९३८ मध्ये जाळलं गेलं, १९६१ मध्ये पुन्हा उभं राहिलं. २०२१ मध्ये श्पायर, वर्म्स आणि माइन्त्समधल्या ज्यू वास्तू जागतिक वारशात आल्या. ज्यांच्या पूर्वजांना इथे हे नाव मिळालं, त्यातले बहुतेक आज इस्राएलमध्ये नाहीतर अमेरिकेत आहेत.

वर्म्सच्या ‘हायलिगर झांड’ दफनभूमीत अकराव्या शतकापासूनचे दगड गवतात कलले आहेत. काहींच्या माथ्यावर कुणी खडे ठेवून गेलंय. जुन्या दगडांवरचा मजकूर पावसापाण्याने झिजलाय, आणि नूनचा पाय शोधायला बोट फिरवून बघावं लागतं.