न मारितां केलेली हानि

"आम्हीं तणावर औषध मारलें, गांडुळांस हात लाविला नाहीं," असें म्हणणारा शेतकरी खोटें बोलत नाहीं. तरी त्याच्या ह्या म्हणण्याचा वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा विचार करावा, अशी आमची विनंति आहे.

गांडुळास डोळे नाहींत, आवाज नाहीं. पण इ. स. १८८१ सालीं चार्लस् डार्विन ह्या इंग्रज विद्वानानें त्याच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं एका एकरांतील १० टनांहून अधिक माती दरवर्षीं गांडुळांच्या पोटांतून जाते, असें त्यानें त्यांत सांगितलें. गांडुळांच्या बिळांतून पावसाचें पाणी खालीं मुरतें, मुळांस हवा मिळते, व पालापाचोळा मातींत मिसळतो. मजुरी न मागतां शेत नांगरणारा असा गडी दुसरा कोण आहे?

ग्लायफोसेट नांवाचें तणनाशक १९७४ सालीं बाजारांत आलें. तें पानांतून मुळांपर्यंत उतरतें, व वनस्पतींच्या वाढीस लागणारी एक क्रिया बंद पाडतें. ही क्रिया प्राण्यांच्या शरीरांत नाहीं. म्हणून गांडुळांस भय नाहीं, असें पुष्कळांस वाटलें. परंतु व्हिएन्ना येथील संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग वेगळें सांगतो. फवारणीनंतर तीन आठवड्यांनीं एका जातीच्या गांडुळांनीं माती वर आणून टाकणें जवळजवळ सोडून दिलें. दुसऱ्या जातीची वीण तीन महिन्यांत ५६ टक्क्यांनीं घटली. प्रत्येक शेतांत असेंच घडतें, असें आम्ही म्हणत नाहीं. औषध, त्याचें प्रमाण व माती ह्यांप्रमाणें परिणाम बदलतो.

आतां प्रश्न असा कीं, मारणें तेवढीच हानि काय? ज्याचें काम थांबलें, ज्याच्या घरचा पाळणा रिकामा राहिला, त्याचें कांहीं बिघडलें नाहीं, असें कोण म्हणेल? "माझ्या मनांत तसें नव्हतें," ही सबब समजण्यापूर्वीं चालते. समजल्यावर चालत नाहीं.

खुरपणीस मजूर मिळत नाहींत, पाऊस उघडत नाहीं, सावकार दारांत उभा आहे. अशा शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. खुरपतां खुरपतां बायांची कंबर मोडते, हेंही आम्ही जाणतों. आमचें सांगणें इतकेंच कीं, गरज किती व सवय किती, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं ठरवावें. बांधावरचें गवत विळ्यानें कापतां येतें, दोन ओळींत कोळपें चालतें, पाचटाच्या आच्छादनाखालीं पुष्कळ तण दबतें. जेथें हें होण्यासारखें आहे, तेथें औषधाचा पंप खांद्यावर कां घ्यावा?

शंका असेल त्यानें भर पावसाळ्यांत फवारलेल्या व न फवारलेल्या जागीं एकसारखे दोन खड्डे खणून गांडुळें मोजावीं. जो जीव तक्रार करूं शकत नाहीं, त्याची विचारपूस करणें हें बलवानाचें काम आहे. ती आपण न केली, तर त्याची तक्रार एके दिवशीं आपली जमीनच आपणांस सांगेल.